राखेच्या बुधवारापासून पेंटेकॉस्टपर्यंत : मुंबईतील मेथडिस्ट मंडळीने वसंतकाळाची आखणी कशी करावी

नाताळ आणि नववर्षाच्या उपासना आटोपल्या की कमिटीतील सर्वांना वाटते, ईस्टरला अजून भरपूर अवकाश आहे. आणि मग फेब्रुवारीत एके दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा (लेंटचा) पहिला दिवस, दारात येऊन उभा राहतो. त्यानंतरचे तीन महिने धावपळीत जातात. उपासना पाळकसाहेबांवर, जेवण महिला मंडळावर आणि सेवाकार्य तरुणांवर सोपवले जाते, आणि या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मी मुंबईतील एका मराठी मेथडिस्ट मंडळीत बरीच वर्षे या तयारीत भाग घेत आलो आहे, आणि त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की कार्यक्रमांची यादी करण्याआधी माणसांची यादी करावी. ती नीट झाली तर उपासना, सहभागिता आणि सेवा यांचे धागे आपोआप एकत्र येतात. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

तारखा प्रथम निश्चित करा

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कमिटीने एक बैठक केवळ दिनदर्शिकेसाठी घ्यावी. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, असा साधा नियम आहे. म्हणून ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान फिरतो, आणि आपल्या पंचांगात पाहिले तर तो कधी होळीनंतर, तर कधी चैत्र पौर्णिमेनंतर येतो. ईस्टरच्या 46 दिवस आधी राखेचा बुधवार आणि 49 दिवस नंतर पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, येतो. लेंट चाळीस दिवसांचा असूनही मोजणी 46 दिवसांची होते, कारण मधले सहा रविवार उपवासात धरले जात नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असतो.

उदाहरणादाखल दोन वर्षे पाहू. 2027 साली राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला, ईस्टर 28 मार्चला आणि पेंटेकॉस्ट 16 मे रोजी येतो. त्या वर्षी होळी पवित्र आठवड्यातच, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, येते, म्हणून त्या संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा ठेवू नये. चाळींत आणि सोसायट्यांत शेजाऱ्यांचा सण असतो आणि वृद्धांना रस्त्याने येणेही अवघड जाते. त्याच वर्षी रमजान आणि लेंट जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात. भायखळा, नागपाडा, मुंबई सेंट्रल अशा भागांत आपली चर्चे आणि मशिदी एकाच गल्लीच्या अंतरावर असल्यामुळे संध्याकाळच्या सभेची वेळ इफ्तारच्या गर्दीशी जुळवून घेतलेली बरी. 2028 साली गुड फ्रायडे 14 एप्रिलला, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या दिवशी येतो. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबांचे नातेवाईक त्या दिवशी मिरवणुकीत असतात, दादर-परळकडचे रस्ते भरलेले असतात, आणि तीन तास शांत राहायची उपासना ढोल-ताशांच्या आवाजात करावी लागेल. असे प्रसंग आयत्या वेळी नव्हे, जानेवारीतच समोर मांडले पाहिजेत. शेजारच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधी जाऊन भेटावे, शुभेच्छा द्याव्यात आणि मिरवणुकीची वेळ विचारावी; तक्रार घेऊन नंतर जाण्यापेक्षा हे शतपट चांगले.

तारखांच्या कागदावर दहावी-बारावीच्या परीक्षा, शाळांची सुटी आणि लोक गावाला निघण्याचे दिवस हेही लिहून ठेवावेत. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, आणि तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो. ज्या रविवारी उपासनेनंतर जेवण आहे त्या आठवड्यात शनिवारी ब्लॉकची माहिती पाहून ती सर्वांना कळवण्याचे काम एका व्यक्तीकडे द्यावे.

माणसांची यादी आणि वर्ग

येथे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. 1742 साली ब्रिस्टल येथील मेथडिस्ट मंडळीवर इमारतीचे कर्ज होते. सभासदांचे बारा-बाराचे गट करावेत, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि एका प्रमुखाने घरोघर जाऊन ती गोळा करावी, अशी सूचना कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने केली. प्रमुख घरोघर जाऊ लागले तेव्हा कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, कोण विश्वासात थकले आहे हे त्यांना कळू लागले, आणि मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या ध्यानात आले की हिशेबापेक्षा ही भेटच मोलाची आहे. मेथडिस्ट वर्गसभा अशी जन्माला आली. मुंबईतही 1871-72 मध्ये अमेरिकन मेथडिस्ट सुवार्तिक विल्यम टेलर यांच्या सभांनंतर जे लोक विश्वासात आले त्यांचे गट आधी घराघरांत भरू लागले, आणि त्या गटांतून येथील मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. याच शहरात 1848 पासून अत्यंत साधेपणाने राहून सेवा करणारे अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन त्यात सामील झाले. बोवेन मेमोरियल चर्च हे त्यांच्याच नावाचे. म्हणजे इमारत नंतर आली, घरे आधी होती.

आज ही गोष्ट आपल्याला विशेष लागू पडते, कारण चर्च भायखळ्याला किंवा मुंबई सेंट्रलला आणि कुटुंबे कल्याण, विरार, नवी मुंबईकडे, असे बहुतेक जुन्या मंडळ्यांचे झाले आहे. म्हणून वर्ग आडनावांवर किंवा नात्यांवर न पाडता रेल्वेच्या मार्गांवर पाडावेत. पश्चिम, मध्य आणि हार्बर अशी मोठी विभागणी करून प्रत्येक मार्गावर जवळजवळच्या स्थानकांतील दहा-बारा माणसांचा एक वर्ग धरावा. वर्गप्रमुख स्त्री असो वा पुरुष, तो फोन करणारा नव्हे तर जिना चढणारा असावा.

राखेच्या बुधवाराच्या तीन आठवडे आधी प्रत्येक प्रमुखाने आपल्या वर्गातील प्रत्येक घरी एकदा जावे आणि वहीत चारच गोष्टी लिहाव्यात : घरातून बाहेर पडू न शकणारे कोण आहे, या वर्षी परीक्षेला कोण बसले आहे, गेल्या ईस्टरपासून या घरात कोणाचा मृत्यू झाला आहे का, आणि या घरातील कोणाला कोणते काम मनापासून आवडते. शेवटचा प्रश्न सहसा विचारला जात नाही, परंतु त्याच्याच उत्तरातून स्वयंसेवक मिळतात. आमच्याकडे मध्य मार्गावरील एक काका वर्षानुवर्षे शेवटच्या बाकावर बसून निघून जात असत. त्यांच्या घरी गेल्यावर कळले की त्यांनी गिरणीच्या वसाहतीतील भजनात पंधरा वर्षे पखवाज वाजवला होता. पुढच्या पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, ते पुढच्या रांगेत होते.

वही पाळकसाहेबांना दाखवावी, पण ती मंडळीच्या कपाटात राहिली पाहिजे. आपल्या व्यवस्थेत पाळकांची बदली होत असते. ओळख त्यांच्याबरोबर निघून जाऊ नये.

लेंट : कमी कार्यक्रम, ठरलेली वेळ

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावण्याची पद्धत सगळ्या मराठी मेथडिस्ट मंडळ्यांत नाही, आणि जिथे ती नाही तिथे केवळ पश्चात्तापाची प्रार्थना आणि वाचन पुरेसे आहे. जिथे ती आहे तिथे राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांचीच करावी. वाळलेल्या झावळ्या बारीक तोडून लोखंडी तव्यावर किंवा जुन्या कढईत उघड्यावर जाळाव्यात, पूर्ण गार होऊ द्याव्यात आणि राख मलमलच्या कापडातून दोनदा चाळावी. ती लावताना खोबरेल तेलाचे एक-दोन थेंब घालावेत. पाणी मुळीच घालू नये, कारण राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो आणि त्वचेची आग होते. लहान मुलांच्या कपाळाच्या बाबतीत हे विशेष जपावे.

पुढील आठवड्यांत दर शुक्रवारी एका वर्गात एक अशी घरगुती प्रार्थनासभा ठेवावी. वेळ रात्री आठ ते नऊ. नऊ म्हणजे नऊ. यजमानांनी फक्त चहा द्यावा, हा नियम कमिटीनेच जाहीर करावा, नाहीतर एका घरी बटाटेवडे झाले की पुढच्या घराला पुलाव करावासा वाटतो, आणि ज्याची ऐपत नाही ते कुटुंब सभाच नाकारते. यशयाच्या 58 व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे, तो भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा; त्यामुळे उपवासाचे आणि सेवेचे नाते लेंटच्या पहिल्याच सभेत सांगावे. प्रत्येक घरी एक डबा द्यावा आणि स्वयंपाकाच्या वेळी त्यात मूठभर तांदूळ किंवा डाळ बाजूला काढून ठेवण्यास सांगावे. सहा आठवड्यांत साठलेले हे धान्य कुठे जाणार, हे आधीच ठरवून सांगितले तर मुलेसुद्धा त्या मुठीची आठवण करून देतात.

गीतांची तालीमही याच काळात सुरू व्हावी. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली याच मुंबईत झाला, आणि त्यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती उपासनेत ओवी, अभंग आणि कीर्तन रुजले. एवढे धन ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात असताना पवित्र आठवडा केवळ कीबोर्डवर काढणे मला योग्य वाटत नाही. आठवड्याला दोन नवी गीते, पेटी-तबल्यावर, आणि शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना जोडाक्षरे अडतात, त्यांना ती आधी म्हणून दाखवावीत.

पवित्र आठवडा

झावळ्यांच्या रविवारासाठी नारळाच्या झावळ्या दादरच्या फुलबाजारात शनिवारी पहाटे मिळतात. त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात म्हणजे रविवारी सकाळपर्यंत मलूल होत नाहीत. मुलांच्या हाती देण्याआधी पात्यांचे धारदार टोक कापावे. मिरवणूक चर्चच्या आवारातच काढायची असेल तर अडचण नाही. रस्त्यावर काढायची असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी निदान दोन आठवडे आधी मागावी.

गुरुवारच्या प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि पेला घेण्याच्या विधीचा, द्राक्षरस घरी करावा, असा माझा आग्रह आहे. मेथडिस्ट परंपरेत न आंबवलेला रस वापरतात, आणि त्यामागे एका मेथडिस्टाचीच खटपट आहे : थॉमस वेल्च या दंतवैद्याने 1869 साली अमेरिकेत पाश्चरच्या पद्धतीने रस तापवून तो आंबण्यापासून वाचवला. त्यांना बाटलीबंद रसाची सोय नव्हती म्हणून त्यांनी ती केली. आपल्याकडे तर नेमक्या या दिवसांत नाशिक-सांगलीची द्राक्षे हातगाडीवर येऊन उभी असतात. शंभर माणसांना लहान पेल्यांतून द्यायला साधारण दीड लिटर रस लागतो, आणि त्यासाठी अडीच ते तीन किलो काळी द्राक्षे पुरतात. द्राक्षे मिठाच्या पाण्यात भिजवून दोनदा स्वच्छ धुवावीत, देठ काढावेत, जाड बुडाच्या पातेल्यात हाताने चुरडून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावीत. खळखळून उकळू देऊ नये, चव करपट होते. साली सुटून रस गडद झाला की मलमलमधून गाळावा, पुन्हा एकदा वाफ येईपर्यंत तापवावा आणि उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरून, गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा. सालीवरचे यीस्ट मुंबईच्या उकाड्यात एका दिवसातही रस आंबवू शकते, म्हणून तापवणे चुकवू नये. हे काम बुधवारी संध्याकाळी तीन-चार जणांनी मिळून, शक्यतो बाप्तिस्मा आणि सभासदत्वाची तयारी करणाऱ्या मुलांना सोबत घेऊन करावे. बोटे जांभळी झालेल्या त्या मुलांना दुसऱ्या दिवशी पेल्यात काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

गुड फ्रायडेची बारा ते तीनची उपासना वेळेच्या हिशेबावर उभी राहते. एका वर्षी आमच्याकडे येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर बोलणाऱ्या सात वक्त्यांना वेळ सांगितलाच नव्हता. पाचव्या उद्गारालाच तीन वाजले, आणि उपवास असलेल्या एका आजींना उकाड्याने भोवळ आली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक उद्गाराला पंचवीस मिनिटे देतो : वाचन, बारा मिनिटांचा संदेश, एक गीत, प्रार्थना आणि दोन मिनिटे संपूर्ण शांतता. सात वेळा पंचवीस म्हणजे 175 मिनिटे, आणि उरलेली पाच मिनिटे सुरुवातीसाठी. वक्त्यांना ही वेळ महिनाभर आधी लेखी कळवावी, त्यांत निदान तीन स्त्रिया आणि एक तरुण असावा. पंखे सकाळीच तपासावेत. दारापाशी पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत ठेवावे, आणि उपवास असला तरी मधुमेहींनी आणि वृद्धांनी पाणी जरूर प्यावे असे पाळकसाहेबांनीच सुरुवातीला सांगावे. त्यांनी सांगितले म्हणजे कोणाला अपराधी वाटत नाही.

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेबाबत एकच सावधगिरी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरण्यास 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत सूर्योदय साधारण साडेसहाच्या आसपास होतो. म्हणून साडेपाचला टाळ घेऊन, ध्वनिक्षेपकाशिवाय आवारात भजन सुरू करावे, आणि सव्वासहाला पुनरुत्थानाचे वाचन करावे. लांबून येणाऱ्यांसाठी शनिवारी रात्री चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्या घालून झोपण्याची सोय केली तर विरारच्या कुटुंबालाही ती पहाट मिळते. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे त्याच दिवशी दुपारी पाळकसाहेब आणि वर्गप्रमुख प्रभुभोजन घेऊन जातील, याची यादी वहीत तयारच असते.

प्रेमभोजन

ईस्टरनंतरचा रविवार अनेक मंडळ्यांत ओस पडतो. त्या दिवशी प्रेमभोजन ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवीन. ही वेस्ली यांनी मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांकडून घेतलेली प्रथा आहे. ते प्रभुभोजन नव्हे, आणि त्याला दीक्षित पाळक असणे आवश्यक नाही. साधा पाव किंवा गोड बन आणि पाणी अथवा चहा सर्वांनी मिळून घ्यायचा, साक्षी द्यायच्या आणि गरिबांसाठी दान गोळा करायचे, एवढेच त्याचे रूप आहे. मुंबईत यापेक्षा सोपे काय असेल! बेकरीतून सकाळी ताजे बन आणावेत, ते न कापता ताटात ठेवावेत, आणि प्रत्येकाने आपल्यासाठी नव्हे तर शेजाऱ्यासाठी तुकडा मोडावा. खुर्च्या रांगेत न लावता गोलात लावाव्यात. साक्ष तीन मिनिटांची असावी आणि या एका वर्षातील असावी. वीस वर्षांपूर्वीची साक्ष सर्वांना पाठ असते. कोणी बोलले नाही तर सूत्रधाराने घाई करू नये. मी पाहिले आहे की दीड-दोन मिनिटांच्या शांततेनंतरच ज्याला खरोखर सांगायचे असते तो उठतो.

लेंटमध्ये साठलेले धान्याचे डबे याच दिवशी आणावेत आणि सर्वांसमोर एकाच मोठ्या पिंपात ओतावेत. वजन करून आकडा फळ्यावर लिहावा.

सेवाकार्य कोणते आणि कसे

वेस्ली यांनी 1743 साली मेथडिस्टांसाठी तीन सर्वसाधारण नियम लिहिले : अपाय करू नये, भले करावे, आणि देवाने नेमलेल्या उपासनेत टिकून राहावे. सेवा ठरवताना मी पहिल्या नियमाला पहिले स्थान देतो, कारण हेतू चांगला असतानाही अपाय होतो.

परळला टाटा मेमोरियल आणि के.ई.एम. रुग्णालयांच्या परिसरात राज्यभरातून आणि राज्याबाहेरून आलेले नातेवाईक पदपथावर राहतात. तिथे जेवण घेऊन जाण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोलावे. एकाच दिवशी पाच संस्था पुलाव वाटतात आणि मंगळवारी कोणीच येत नाही, असे घडते. म्हणून रिकामा वार विचारून तोच धरावा. कॅन्सरच्या रुग्णांना संसर्ग लवकर होतो, तेव्हा शिजवलेले अन्न थेट रुग्णाच्या हाती देऊ नये. ताटाबरोबर पत्रकही देऊ नये. जो माणूस भुकेला आहे आणि ज्याचे मूल आत दाखल आहे, त्याला नको म्हणण्याचे स्वातंत्र्य नसते, आणि प्रभूची सुवार्ता अशा लाचारीवर टेकवणे मला अमान्य आहे. कोणी विचारले तर मोकळेपणाने सांगावे.

रक्तदान शिबिर गुड फ्रायडेला ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्या दिवशीचे प्रतीक मनाला भिडते. परंतु उपाशीपोटी रक्त घेतले जात नाही, आणि त्या दिवशी निम्म्या मंडळीचा उपवास असतो. मे महिन्यात महाविद्यालये बंद आणि लोक गावाला असल्यामुळे मुंबईत रक्ताचा तुटवडा जाणवतो. म्हणून एप्रिलच्या शेवटचा किंवा मेच्या पहिल्या आठवड्यातील रविवार अधिक उपयोगी ठरतो. शिबिर परवानाधारक रक्तपेढीमार्फतच घ्यावे. दात्याचे वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो आणि हिमोग्लोबिन निदान 12.5 असावे लागते. आधीच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत 90 आणि स्त्रियांच्या बाबतीत 120 दिवस झालेले असावेत. ही माहिती आदल्या रविवारी वाचून दाखवली तर ऐनवेळी परत पाठवल्याचे दुःख कोणाला होत नाही.

माझ्या मते सर्वांत मोलाची, आणि सर्वांत स्वस्त, सेवा म्हणजे अभ्यासिका. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि टीव्ही असताना दहावीचा अभ्यास कसा होतो हे चाळीत वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये चर्चचा हॉल संध्याकाळी सहा ते दहा उघडा ठेवावा, शेजारच्या कोणत्याही धर्माच्या मुलांना येऊ द्यावे, चांगले दिवे, पंखा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह असावे. दोन प्रौढ व्यक्ती, त्यांपैकी एक स्त्री, सतत हजर असाव्यात. एकट्या प्रौढाने मुलांबरोबर थांबू नये, हा नियम विश्वासू माणसालाही लागू करावा. एवढ्यासाठी लागतो तो विजेच्या बिलातील थोडासा वाढीव भाग आणि पेन्शनीत गेलेल्या शिक्षिकांचा वेळ.

मे महिना आणि पेंटेकॉस्ट

व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे मुलांचे सुटीतील बायबल वर्ग, परीक्षा संपल्यावर आणि गावाकडची रिझर्व्हेशने सुरू होण्याआधी, पाच सकाळींत आटोपावे. मेच्या मध्यावर मंडळी अर्धी होते हे मान्य करूनच पेंटेकॉस्टची आखणी करावी. त्या दिवशी वेदीवर लाल वस्त्र असते, आणि प्रेषितांची कृत्ये यातील दुसरा अध्याय वाचला जातो. तो मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, कोकणी, ज्याला जी येते त्या भाषेत, एकामागून एक वाचावा. या शहरात त्यासाठी पाहुणे बोलवावे लागत नाहीत. 24 मे हा जॉन वेस्ली यांच्या लंडनमधील अल्डर्सगेट येथील 1738 च्या अनुभवाचा दिवस आहे, जेव्हा त्यांना आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाल्यासारखे वाटले. पेंटेकॉस्टच्या जवळच्या एका संध्याकाळी सर्व वर्गप्रमुखांनी तो दिवस धरून एकत्र बसावे, वह्या उघडाव्यात, आणि लेंटपूर्वी लिहिलेल्या प्रत्येक नावापुढे काय झाले ते वाचावे. ज्या नावापुढे काहीच लिहिलेले नाही, त्या घरी जूनचा पाऊस सुरू होण्याआधी जायचे.

त्याच संध्याकाळी वाळलेल्या झावळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवाव्यात. उघड्या माळ्यावर ठेवल्या तर ऑगस्टपर्यंत त्यांना बुरशी लागते, आणि फेब्रुवारीत राखेसाठी हात घालावा तर काळा लगदा निघतो. डब्यावर वर्ष लिहावे आणि किल्ली कोणाकडे आहे तेही.